बिकट काळ आणि आपलं घर

(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला जो विषय दिला तो ऐकून दोन-चार ज्येष्ठांनी नाक मुरडले. समाजाची सगळी घडीच विस्कटली तर कुटुंबाने काय तयारी ठेवावी, हा विषय. वर्षावासात असलं अभद्र कशाला बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. आमचं म्हणणं असं की आपल्या घरांना हा विषय नवा नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आज या सभेत बसलेली आहेत. खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या, अमेरिकेच्या लाल मिलोच्या भाकरी थापलेल्या आया-आज्या आपल्याच. त्यांना विचारा, दुकानात पैसे देऊनही धान्य मिळत नाही म्हणजे काय असतं. त्यानंतर २६ जुलै २००५ आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईसारखं शहर एका दुपारी बंद पडलं. २०२० साली २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश थांबला. तयारीला मिळाले चार तास, तेही रात्रीचे.

पश्चिमेकडच्या देशांत या विषयावर पुस्तकंच्या पुस्तकं निघतात. तळघर बांधा, वर्षभराचे डबे भरा, बंदूक घ्या, दार लावा. वाचायला गंमत वाटते. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात तिथे तळघर कुठलं काढायचं? आणि दार लावून बसायची सोय तरी आपल्याला आहे का? इथे थोडं थांबून बोलावं लागेल, कारण आमच्या मते खरी गोष्ट इथेच आहे.

शहर बंद पडतं तेव्हा काही माणसांना घरी बसता येत नाही. झाडूवाले, गटारवाले, कचऱ्याच्या गाडीवरचे, वॉर्डबॉय, आया, नर्स, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, पोलीस, होमगार्ड, स्मशानातले कामगार. आपल्या वस्तीत एक-एक दार मोजत जा, किती दारांवर यातलं माणूस निघतं ते बघा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या हंगामात शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली. ज्यांना गावी वाडे होते ते गेले, पेढीवाले गेले. सरकारला सर्वात मोठी धास्ती कुणाची होती? सफाई कामगार निघून गेले तर काय, याची. तेवढी माणसं गेली असती तर शहर राहण्याजोगं उरलं नसतं, हे त्या वेळच्या म्युनिसिपल अधिकाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. एरवी ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांनी जाऊ नये म्हणून विनवण्या!

२०२० लाही तेच झालं. लोक खिडकीत उभे राहून टाळ्या वाजवत होते तेव्हा आपल्या वस्तीतली माणसं कामावर निघाली होती. म्हणून पुस्तकात लिहिलेली तयारी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या घरातला कर्ता माणूस त्या दिवशी घरी नसणार, हे धरूनच घराची व्यवस्था लावली पाहिजे. कदाचित चार दिवस येणार नाही. आला तरी अंगावर रोग घेऊन आलेला असेल आणि त्याला वेगळं झोपवावं लागेल. अशा वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि चौदा वर्षांच्या पोराला काय-काय येतं, यावर सगळं अवलंबून असतं. गॅस बंद कसा करायचा, मेन स्विच कुठे आहे, रेशनकार्ड कुठे आहे, आजीची गोळी कुठली, हे घरातल्या दोन माणसांना तरी ठाऊक हवं. आम्ही आमच्या गल्लीत सहज विचारून पाहिलं. बहुतेक घरांत एकाच बाईला सगळं माहीत, आणि ती बाई रात्रपाळीला.

आता लांबचं एक उदाहरण देतो. सारायेव्हो हे पूर्वीच्या युगोस्लाव्हियातलं शहर, आज बोस्नियाची राजधानी. १९८४ साली तिथे हिवाळी ऑलिंपिक भरलं होतं. ट्राम, विद्यापीठ, नळाला पाणी, सगळं होतं. एप्रिल १९९२ मध्ये त्याला वेढा पडला तो फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस. भोवतालच्या डोंगरांवर तोफा, खाली माणसं. वीज गेली, पाणी गेलं, गॅस गेला. अकरा हजारांवर माणसं मेली. बाकीची जगली ती कशी? बिअरच्या जुन्या कारखान्यात जिवंत झरा होता, तिथे कॅन घेऊन रांगा लागायच्या. त्या रांगांवरही तोफगोळे पडत. बागेतली, रस्त्यावरची झाडं सरपणाला तोडली, मग फर्निचर, मग जुने बूट, शेवटी पुस्तकं चुलीत गेली. पाण्यावर तेल ओतून त्यात वात तरंगवून दिवे केले. गॅलरीत भाजी लावली. अंगाची आग करणारा रानपाला शिजवून खाल्ला. आपल्याकडे ७२ साली टाकळ्याची भाजी रोज शिजायची, त्यातलाच प्रकार. १९९३ मध्ये विमानतळाखालून सुमारे आठशे मीटरचा बोगदा खणला आणि त्यातून पाठीवर पोती वाहिली.

आणि शाळा? शाळा बंद केली नाही. इमारतींच्या जिन्यांखाली, तळघरांत वर्ग भरवले. एका-एका जिन्याची पोरं एकत्र बसवायची आणि त्या इमारतीत राहणाऱ्या शिक्षकाने शिकवायचं, कारण रस्ता ओलांडणं म्हणजे मरण. हे आम्ही मुद्दाम सांगतो. २०२० मध्ये आपल्याकडे शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांची पोरं शिकली. एकाच घरात तीन पोरं आणि एक मोबाईल, तोही बाप ड्युटीवर घेऊन जाणार! त्या काळात जी पोरं शाळेतून सुटली ती सगळी काही परत गेली नाहीत. तेव्हा धान्याच्या यादीत पाटी-पेन्सिल, मागच्या वर्षीची पुस्तकं आणि गल्लीत कोण शिकवू शकतं त्याचं नाव, हेही लिहून ठेवा.

आता हिशोबाचं बोलू. पाणी सर्वात आधी. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी धरतात. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ-धुणं सगळं आलं. नुसतं पिण्या-शिजवण्याला माणशी पाच लिटर धरा. पाच माणसांना तीन दिवस म्हणजे पंचाहत्तर लिटर. एक मोठं पिंप आणि दोन हंडे. एवढी जागा कॉटखाली निघते. पिंपाला झाकण आणि वगराळं हवं. त्यात हात बुडवू देऊ नका. पुराचं पाणी नळात मिसळलं की उकळून प्यायचं. इंधन नसेल तर क्लोरीनची गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. किती पाण्याला किती गोळी ते पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या, अंदाजाने टाकू नका. पाण्यासाठी आपण १९२७ साली महाडला गेलो. ते मिळालेलं पाणी झाकून ठेवायला आळस नको, एवढंच.

धान्याचं बघा. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य, साठ ग्रॅम डाळ, पंचवीस ग्रॅम तेल हे मदत छावण्यांचं साधारण माप. पाच माणसांना पंधरा दिवस म्हणजे तीस किलो धान्य, साडेचार किलो डाळ आणि दोन किलोला थोडं कमी तेल. एकदम घ्यायला जमणार नाही. दर महिन्याला दोन किलो जास्त घ्या, जुनं आधी खा, नवं मागे ठेवा. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो मिळतं. चारशेच्या मापाने ते साडेबारा दिवस पुरतं. हा आकडा लक्षात असू द्या, म्हणजे महिन्याच्या कोणत्या तारखेला आपलं घर सर्वात उघडं असतं ते कळेल. २०२० मध्ये हजारो मजूर पायी गावाकडे निघाले, त्याचं एक कारण हेच की कार्ड गावात आणि पोट शहरात. आता कुठल्याही गावचं कार्ड दुसरीकडच्या दुकानातही चालतं. दुकानदार नाही म्हणाला तर समितीकडे या. दोन-तीन जणांनी बरोबर गेलं की त्याची भाषा बदलते, हा आमचा अनुभव आहे.

चणे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, पोहे हे न शिजवता खाता येतं. आठवड्यापुरतं वेगळ्या डब्यात ठेवा आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका! डाळ आधी भिजवली, कुकरला दोन शिट्ट्या देऊन तो गोधडीत गुंडाळून ठेवला, तर गॅस बराच वाचतो. पैसे थोडे रोख ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी गेली तेव्हा मोबाईलमधले पैसे मोबाईलमध्येच राहिले. आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवत असेल त्यांनी मोठ्या नोटांचा भरवसा धरू नये.

औषधाचं एकच सांगतो, पण ते नीट ऐका. मोठ्या संकटात पहिल्या झटक्यापेक्षा नंतरचा जुलाब जास्त लेकरं नेतो. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. ज्या छावणीत शंभरातले तीस मरत होते तिथे चारच्या आत आले. आज ते आपल्याला फुकट मिळालेलं ज्ञान आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून सपाट. हे घरातल्या प्रत्येक मुलीला नव्हे, प्रत्येक मुलग्यालाही पाठ हवं. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांच्या गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी आणायची सवय सोडा. पंधरा दिवसांच्या शिलकीत ठेवा. पुराच्या पाण्यातून चालून आलात आणि ताप आला तर डॉक्टरला पाण्यातून चाललो हे आधी सांगा. २००५ च्या पुरानंतर लेप्टोने माणसं गेली.

कागद. सगळ्यांच्या घरी कागद असतात, पण आपल्या घरातला एक कागद असा आहे की तो गेला तर पुढची पिढी अडते. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, गाव नमुना चौदाचा उतारा. पंचाहत्तर वर्षांहून जुना, घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी असतो, आणि पुरात पाणी आधी तळाशीच शिरतं. भिजलेल्या कागदापायी एका नातीचा प्रवेश हुकल्याचं आम्ही पाहिलं आहे. कचेरीतल्या साहेबांनी नुसतं सांगितलं, गावी जाऊन नवीन नक्कल आणा. गावच्या दप्तराला तर आधीच वाळवी लागलेली. म्हणून तो कागद जाड प्लास्टिकमध्ये घालून वरच्या फळीवर ठेवा. लॅमिनेशन करू नका, मग मूळ कागद तपासता येत नाही. तीन साक्षांकित झेरॉक्स काढून एक गावी भावाकडे द्या. मोबाईलवर फोटो काढा. गोड जेवणाच्या भांड्यांपेक्षा हा कागद मोलाचा आहे.

शेवटची गोष्ट शेजाऱ्याची. १९९५ च्या जुलैत अमेरिकेत शिकागोला उष्णतेची लाट आली, सातशेच्या वर माणसं मेली. त्यात दोन वस्त्या एकमेकींना लागून होत्या, दोन्ही गरीब, दोन्हींकडे एकटे राहणारे म्हातारे बरेच. एका वस्तीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. अभ्यास केला तेव्हा दिसलं की जिथे कमी मेले तिथे रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं बाहेर पडत आणि लोक त्यांची चौकशी करत. दुसरीकडे घरं ओस, दारं बंद. त्याच वर्षी जानेवारीत जपानमध्ये कोबेला भूकंप झाला. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या माणसांपैकी बहुसंख्य घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढली. सरकारी पथकं पोचेपर्यंत वेळ गेला होता.

आपल्या चाळीत ही वर्दळ होती. आता टॉवरचं काम निघालं आहे, काही जण ट्रान्झिटला गेले, काहींना बाराव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट बंद पडली की बाराव्या मजल्यावरच्या आजीला पाणी कोण नेणार, हे ठरलेलं नाही. ते पाऊस लागायच्या आत ठरवावं म्हणून आम्ही एक वही केली आहे. घरात किती माणसं, कोण ड्युटीवर जातं, कोण अंथरुणाला खिळलेलं, कुणाला रोजचं औषध, कुणाला दिवस गेलेले, कुणाला इंजेक्शन देता येतं, कुणाकडे रिक्षा, गावचा एक फोन नंबर. मोबाईल बंद पडला तरी वही वाचता येते. १०८ आणि ११२ हे नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. फोन लागला नाही तर मेसेज टाकून बघायचं, तो कधीकधी जातो. काहीच लागलं नाही तर पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी विहारात यायचं, घरी कुणी नसलं तरी.

वही विहाराच्या कपाटात असते, किल्ली समितीकडे आणि महिला मंडळाकडे. आतापर्यंत तीन गल्ल्या लिहून झाल्या आहेत. चौथ्या गल्लीचं आणि नव्या इमारतीचं काम पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर सुरू करू. येताना रेशनकार्ड आणि औषधांची चिठ्ठी आणा. ज्यांची त्या दिवशी ड्युटी असेल त्यांच्या घरी आम्ही संध्याकाळी येऊ.