आदिवासी कोण? कायदा काय विचारतो

आज बचतीच्या हप्त्याचं नाही, दाखल्याचं बोलू या.

आमच्या एका गटातल्या कातकरी ताईच्या लेकीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. जमातीचा दाखला लागणार होता. बापानं शाळा पाहिलेली नाही, अर्धं वर्ष वीटभट्टीवर जातं. शोधता शोधता आजोबांच्या जन्माची नोंद जुन्या कोतवाल बुकात सापडली. तिथं लिहिलं होतं, 'काथोडी'. खिडकीवरच्या साहेबांनी कागद परत केले. म्हणाले, "तुम्ही कातकरी, हा काथोडी. जुळत नाही."

आम्ही ताईला घेऊन पुन्हा गेलो, हातात यादी घेऊन. महाराष्ट्राच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत. मग दाखला निघाला. पण त्या वर्षीचा प्रवेश हुकला. पोर वर्षभर घरी बसली.

आपल्याला वाटतं, आम्ही आदिवासी आहोत हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, पुरावा कसला मागता? पण कायदा आधी यादी बघतो. कायद्यातला शब्द आहे 'अनुसूचित जमाती'. घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे प्रत्येक राज्याची यादी राष्ट्रपती जाहीर करतात. पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यानंतर यादीत नाव घालायचं किंवा काढायचं, तर संसदेनं कायदाच करावा लागतो. तहसीलदार, मंत्री, कोर्ट, कुणालाही त्यात आपल्या मनानं भर घालता येत नाही. आणि यादी राज्याची असते. इथं यादीत असलेली जमात शेजारच्या राज्यात असेलच असं नाही.

यादीत जमातीचं नाव असलं म्हणजे काम झालं का? नाही. आपण त्याच जमातीचे, हे आपल्याला दाखवावं लागतं. प्रांत कार्यालयातून दाखला मिळतो, मग पडताळणी समिती तो तपासते. गरज वाटली तर चौकशीला माणसं घरी येतात. देव कोणते, लग्नाची रीत कशी, बोली कोणती, असं विचारतात. आता शिकलेल्या, शहरात राहिलेल्या पोरीला सगळ्या रीती कुठून ठाऊक असणार? २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की निव्वळ या चौकशीवर निकाल ठरत नाही. जुन्या कागदाचं वजन मोठं आहे.

आणखी एक, खास आपल्या बायकांसाठी. लग्नानं जमात मिळत नाही आणि जातही नाही. आपला दाखला माहेरच्या कागदांवर निघतो, सासरच्या नाही. म्हणून माहेरी गेलात की वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळेचा दाखला आहे का, ते विचारा. जन्म-मृत्यूच्या नोंदीत काय लिहिलंय ते बघा. चुलत घराण्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत मागून घ्या.

लेकराचं नाव शाळेत घालताना जमातीच्या रकान्यात काय लिहिलं, ते गुरुजींकडून वाचून घ्या. नुसतं 'हिंदू' लिहून सोडलं असेल, तर तिथंच दुरुस्त करायला सांगा.

पुढच्या बैठकीला पासबुकाबरोबर घरातला एक जुना कागद आणा. वाचता येत नसेल तर आपण मिळून वाचू. ती पोर यंदा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं गेलेलं वर्ष आपल्या दुसऱ्या कुठल्या लेकीचं जाऊ नये.