तेलापासून वंगण : करणे आणि पारखणे



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर वंगणाची चर्चा कशाला, असे आपणांपैकी कुणास वाटेल. परंतु वालूरला हा विषय परका नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात करडई पिकते आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन होते. बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालणारे हात वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. 1909 साली इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीने एरंडेल मिसळलेल्या वंगणाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच!

मग वनस्पती तेल सरळ यंत्रात का ओतू नये? याचे उत्तर तेलाच्या घडणीत आहे. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लाच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. अशा जोडणीला एस्टर म्हणतात. एस्टरचा भाग धातूला चिकटतो, साखळ्या एकमेकींवरून घसरतात; म्हणून तेल उत्तम वंगण होते. पण साखळीत दुहेरी बंध असले की हवेतील ऑक्सिजन तेथे शिरतो आणि तेल चिकट होते. नेहमीच्या करडई तेलात दोन दुहेरी बंधांचे लिनोलिक आम्ल सुमारे 75 टक्के असते. रंगासाठी जो गुण, तोच वंगणासाठी दोष. शिवाय अती उष्णतेत ग्लिसरॉलची जोडणीच तुटते.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ साखळ्या ठेवतात आणि ग्लिसरॉल बदलतात. ओलिक आम्ल अधिक असलेले तेल घेऊन त्यातील मोकळे आम्ल व पाणी काढतात. त्यात मेथिल अल्कोहोल व थोडा अल्कली उत्प्रेरक घालून सुमारे 60 अंशांवर ढवळतात. ग्लिसरॉल तळाशी बसते, वर मेथिल एस्टर राहतो. तो डिझेलसारखा पातळ असल्याने वंगणाच्या कामाचा नाही. तो धुऊन, वाळवून ट्रायमिथिलॉलप्रोपेन या पदार्थाबरोबर निर्वातात सुमारे 130 अंशांवर तापवतात. सुटणारे मेथिल अल्कोहोल सतत काढून घेतले की क्रिया पुढे सरकते. जाता जाता सांगतो, अल्कली व अल्कोहोल हे दोन्ही शब्द मूळचे अरबी आहेत. मेथिल अल्कोहोल मात्र विषारी व ज्वालाग्राही आहे. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

येथवरचे काम पाककृतीसारखे आहे. खरी विद्या पुढे, पारखण्यात आहे. पहिली कसोटी दाटपणाची. तो 40 व 100 अंशांवर मोजतात. तापल्यावर वंगण जितके कमी पातळ होईल तितका त्याचा श्यानता निर्देशांक मोठा. साध्या खनिज तेलाचा तो 100 च्या आसपास, तर या एस्टरांचा 180 च्या पुढे असतो. दुसरी कसोटी आम्लमूल्याची. ते वाढलेले असेल तर वंगण धातूला खाईल. तिसरी तांब्याच्या पट्टीची. घासून चकचकीत केलेली पट्टी तेलात तीन तास 100 अंशांवर ठेवून तिचा रंग पाहतात. चौथी चार गोळ्यांची. तीन पोलादी गोळ्या घट्ट बसवून त्यांवर चौथी 40 किलोच्या भाराखाली तासभर फिरवतात आणि झिजेचा व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. व्रण लहान, तर वंगण चांगले. याखेरीज थंडीत ते कितीवर गोठते, ऑक्सिजनच्या दाबाखाली किती वेळ टिकते, हेही पाहावे लागते. एका कसोटीत उत्तीर्ण झालेला नमुना दुसरीत नापास होऊ शकतो. म्हणून ‘नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलेच’ हे म्हणणे शास्त्राला मान्य नाही.

तर मग याचा उपयोग कोठे? जेथे वंगण गळून माती-पाण्यात जाते तेथे. विहिरीवरचे पंप, उघड्या साखळ्या, शेतीची अवजारे ही ती ठिकाणे. जुन्या बारवांच्या या गावाला पाण्याचे मोल सांगावयास नको. खनिज तेल मातीत दीर्घकाळ राहते. एस्टर मात्र सूक्ष्मजीव बऱ्याच लवकर खाऊन टाकतात. त्याची किंमत अधिक पडते, हेही तितकेच खरे. आणि भारत खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात करीत असताना ताटातले तेल यंत्राला देणे योग्य नव्हे. म्हणून एरंडी आणि बांधावरचा करंज यांकडे आधी पाहिले पाहिजे. एरंडीच्या उत्पादनात तर आपला देश जगात पहिला आहे.

पालकहो, आपल्यातील कित्येकांची मुले गॅरेजमध्ये, जिनिंगमध्ये, पंपदुरुस्तीत राबतात. डब्यावरचे नाव वाचून वंगण घालणारा कामगार आणि त्या वंगणाची परीक्षा करणारा तंत्रज्ञ यांच्यात बुद्धीचा फरक नसतो, शिक्षणाचा असतो. मुंबईची 1933 साली स्थापन झालेली रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची 1942 सालची, आता विद्यापीठ झालेली लक्ष्मीनारायण संस्था येथे तेलांचे तंत्रज्ञान शिकवतात. तेथवर जाणारी वाट शाळेच्या प्रयोगशाळेतून जाते. आम्लमूल्य काढण्यास ब्युरेट, प्रमाणित अल्कली, थोडे अल्कोहोल व फिनॉल्फ्थॅलीन एवढे शिक्षकांच्या देखरेखीखाली पुरते. दाटपणाची तुलना काचेच्या नळीत छोटी गोळी सोडून, ती तळाशी पोहोचण्यास लागलेला वेळ मोजून करता येते.

आमच्या मुलामुलींनी एवढे दोन प्रयोग स्वतःच्या हाताने करून वहीत नोंदवावेत, आणि मुलींना त्यात मागे ठेवू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.