कॅमेरा खांद्यावर घेताना : पीव्हीसी पाइपचा घरगुती रिग

आजचा भाग जरा हार्डवेअरच्या दुकानात घडणार आहे. सॉफ्टवेअरवाल्याने करवत हातात घेतली की काय होतं, ते आज सांगतो.

सुरुवात एका फसलेल्या शूटिंगपासून. माझे काका दशावतारात काम करतात. राजाची भूमिका, तलवार, गिरक्या, सगळं. आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रेला हा खेळ रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. लोक रंगमंचाला अगदी खेटून बसलेले असतात. तिथे ट्रायपॉड लावायचा म्हणजे चार माणसं उठवायची, त्यामुळे मी कॅमेरा हातातच धरला. घरी येऊन लॅपटॉपवर लावलं. काकांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्यात मी खंय आसंय रे?" युद्धाच्या प्रसंगात चित्र इतकं हलत होतं की माणूसच ओळखू येईना. वर म्हणाले, गुडघे आणखी एक वर्ष साथ देतील, पुढचं काही सांगता येत नाही. म्हणजे माझ्याकडे एकच जत्रा उरली होती.

आता हलतं का, ते बघू. आपल्या डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यात बहुतेक वेळा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. तेवढ्यात हात थरथरला की उभा खांब जेलीसारखा डुलतो. ते नंतर एडिटिंगमध्ये नीट काढणं फार अवघड.

मग बातम्यांच्या कॅमेरामनचं का हलत नाही? त्याचा कॅमेरा आठवा. पुढे लेन्स, मागे मोठी बॅटरी, मध्ये खांदा. पुढचं वजन मागच्या वजनाने तोललेलं. 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि लोक फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमे करायला लागले. चित्र सुंदर मिळालं, पण ती मागची बॅटरी गेली. सगळं वजन मनगटावर आलं. रिग करायचा म्हणजे तो हरवलेला तोल परत आणायचा, बाकी काही नाही.

आता सामान. पाऊण इंची पांढरा यूपीव्हीसी पाइप घ्या. दुकानदार क्रीम रंगाचा सीपीव्हीसी देईल, तो नको. त्याच मापाच्या नावाने तो बाहेरून बारीक असतो, यूपीव्हीसीचे जोड त्याला बसत नाहीत. हँडलसाठी मात्र अर्धा इंची यूपीव्हीसी घ्या. कारण त्याची बाहेरची जाडी सायकलच्या दांड्याच्या जवळपास येते. टेपचा एक वेढा दिला की सायकलच्या रबरी मुठी घट्ट बसतात.

मांडणी अशी. साठ सेंटिमीटरचा एक दांडा उजव्या खांद्यावरून पुढे-मागे जातो. त्याच्या पुढच्या टोकाला टी लावून एक आडवा दांडा, साधारण पस्तीस सेंटिमीटर, त्याचा जास्त भाग डावीकडे, म्हणजे तुमच्या तोंडासमोर. आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना पाऊण-अर्धा एल्बो आणि खाली दोन मुठी. खांद्यासाठी चार इंची ड्रेनेज पाइपचा तुकडा उभा अर्धा कापा, घोड्यावर खोगीर टाकतात तसा खांद्यावर ठेवा, आतून जुन्या योगा मॅटचा थर चिकटवा. कॅमेरा बसवायला प्लायचा छोटा तुकडा दोन स्क्रूंनी आडव्या दांड्यावर.

इथे एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला वीस आटे. मी घरातला सहा मिलिमीटरचा बोल्ट लावला. तो आत जातो, दोन फेरे धरतो असंही वाटतं, आणि मग निसटतो. जोर लावला तर कॅमेऱ्याचे आटे खातो. दुकानात स्पष्ट "पाव इंची, वीस आटे" सांगा. बोल्ट आत पाच मिलिमीटरच्या आसपासच जायला हवा. जास्त लांब असेल तर वायसर वाढवा, पिळत बसू नका.

आता मुख्य गोष्ट, वजन. माझा कॅमेरा लेन्ससकट नऊशे ग्रॅम. खांद्यापासून तो पस्तीस सेंटिमीटर पुढे. शेपटी खांद्यापासून पंचवीस सेंटिमीटर मागे. शाळेतली तरफ आठवा : नऊशे गुणिले पस्तीस, भागिले पंचवीस. साधारण साडेबाराशे ग्रॅम. पुढच्या पाइपचं आणि मुठींचं वजन धरून दीड किलो. मला वाटलं होतं, मागच्या पाइपमध्ये वाळू भरली की झालं. हिशेब केला तर पंचवीस सेंटिमीटर पाइपमध्ये जेमतेम दीडशे ग्रॅम वाळू मावते! शेवटी जुन्या जीन्सच्या पायाची दुहेरी शिवणीची थैली केली आणि त्यात वाळू भरली. थैली गच्च भरा, नाहीतर वाळूची खसखस माइकमध्ये येते.

तरीही पहिल्या दिवशी रिग डावीकडे कलायचा. एक पूर्ण संध्याकाळ मी मुठी बदलत बसलो. मग कळलं की कॅमेरा खांद्याच्या सरळ पुढे नाहीच, तो बारा सेंटिमीटर डावीकडे आहे. म्हणजे मागचं वजनही सरळ मागे नको, त्याच प्रमाणात उजवीकडे हवं. आठ-नऊ सेंटिमीटर. कॅमेरा, खांदा आणि थैली एका तिरक्या रेषेत आली आणि रिग शांत बसला. मुठी सोडल्या तरी जागचा हलेना. पाचशे रुपयांच्या आत झालेल्या सामानात मला सगळ्यात महाग पडलं ते हेच, कारण त्याला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून सांगतो, सगळा सांगाडा आधी कोरडाच जोडा. सोल्व्हंट लावू नका. खोगिराखाली झाडूचा दांडा आडवा धरून बघा, सगळं आडवं राहतं का. राहिलं, की प्रत्येक जोडावर पेन्सिलने रेघ मारा आणि मगच चिकटवा. सोल्व्हंट काही सेकंदांत धरतो, तेव्हा कोन शोधायला वेळ नसतो. मुठींचे जोड मात्र चिकटवू नका, स्क्रू मारा, म्हणजे कोन पुढेमागे करता येतो.

लोक विचारतात, वजन वाढवून दमायला नाही का होत? होतं, पण वेगळं. मनगट दमलं की थरथरतं. खांद्यावर ठेवलेलं वजन हाडं पेलतात. शिवाय वजन लांब पसरलं की रिग पटकन वळत नाही, छोटे धक्के चित्रापर्यंत पोचत नाहीत. एक मर्यादा मात्र आहे : चालताना प्रत्येक पाऊल दिसणारच. त्यासाठी गॅरेट ब्राउन यांनी 1970 च्या दशकात स्प्रिंगच्या हाताचा स्टेडीकॅम काढला, ते आपल्या पाइपचं काम नाही. आपण एका जागी उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवायचे, कोपर बरगड्यांना टेकवायचे आणि कमरेतून वळायचं.

पुढच्या जत्रेत मी देवळाच्या खांबाला पाठ टेकून उभा राहिलो. प्रत्येक प्रवेशानंतर रिग उतरवून खांदा मोकळा करायचा, पुन्हा चढवायचा. पहाटे युद्ध झालं. पायपेटी, पखवाज, झांज, आणि काकांच्या गिरक्या. दोन ठिकाणी फोकस गेला, एकदा एका आजोबांचं डोकं मध्ये आलं. पण राजा राजासारखा दिसत होता.

काकांनी या वेळी सगळं बघितलं. शेवटी एकच म्हणाले, डावा पाय उशिरा उचलतोय मी. त्या वर्षानंतर ती भूमिका त्यांच्या मुलाने घेतली. तो आता तीच फाइल लावून पावलं बघतो, डाव्या पायासकट.

तर मंडळी, तुमच्या घरीही कोणीतरी असेल, पुढच्या वर्षी कदाचित न नाचणारं, न गाणारं. पाइप आणायला फार दिवस लावू नका. भेटू पुढच्या भागात.