लेकीचा वाटा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला म्हणून उभी आहे.

मी श्रीमती मेघना बोर्डीकर यांच्याविषयी बोलणार आहे. कोणत्याही पक्षाची बाजू मांडण्याचा माझा हेतू नाही. आपल्या मंडळात सर्व पक्षांच्या घरच्या बायका आहेत.

त्यांचे वडील रामप्रसाद बोर्डीकर जिंतूरचे आमदार होते. २०१४ साली विजय भांबळे यांनी त्यांचा पराभव केला. पुढे २०१९ साली त्याच मतदारसंघात, भांबळे यांच्याच विरुद्ध लेक उभी राहिली आणि चार हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने निवडून आली. २०२४ साली जिंतूर-सेलूकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरला त्यांनी राज्यमंत्री म्हणून शपथ घेतली. सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, महिला व बालविकास अशी खाती त्यांच्याकडे आली. जानेवारी २०२५ मध्ये त्या परभणीच्या पालकमंत्री झाल्या.

कोणी म्हणेल, ही वडिलांची पुण्याई! असेलही. पण मुलगा बापाची गादी चालवतो तेव्हा आपण कधी नाक मुरडतो का? शिवाय पुण्याईने उमेदवारी मिळते. मते दारोदार जाऊन मागावी लागतात.

मतदारांनी बापामागे लेकीला मानले. आपल्या घरात काय होते? हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला. देशाच्या कायद्यात तो २००५ साली आला. तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतच आहेत. मीही केली. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, इथे सही कर." मी कागद वाचलासुद्धा नाही. माहेर तुटेल ही भीती! भावाला मी दोष देत नाही. त्याने विचारले नाही, आणि मीही विचारले नाही.

भगिनींनो, वाटा घ्यावा की सोडावा, हे जिचे तिने ठरवावे. पण वाचल्यावाचून सही करू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आमच्या शेताच्या कागदावर मुलाशेजारी लेकीचेही नाव लावा, असे मी घरी सांगितले आहे. अजून कोणी हो म्हटलेले नाही. मी मात्र विचारणे सोडणार नाही.