शिकागोचा उंबरठा

शिकागो हे नाव आपल्या कानांवर प्रथम पडते ते बहुधा स्वामी विवेकानंदांच्या चरित्रातून. १८९३ साली ते तेथील सर्वधर्मपरिषदेला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेचे अधिकारपत्र नव्हते. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक राइट यांनी शिफारस केली, म्हणून परिषदेचे दार उघडले. पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे.

आज मला सांगावयाची आहे ती याच शहरातली, पण निराळ्या क्षेत्रातली हकिकत. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाची अधिवेशने शिकागोत अनेक वेळा भरली आहेत, आणि तेथेही उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला पुनःपुन्हा हाच प्रश्न विचारला गेला आहे: तुला आत येण्याचा अधिकार कोणी दिला?

श्रोतेहो, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक एक नसते, दोन असतात. नोव्हेंबरात दोन पक्षांच्या उमेदवारांची लढत होते, ती दुसरी. पहिली त्याआधी कित्येक महिने पक्षाच्या घरातच चालते; तिच्यात उमेदवार कोण, हे ठरावयाचे असते. आपल्याकडे ज्याला ‘तिकीट मिळणे’ म्हणतात, तेच हे. फरक इतकाच, की आपल्याकडे तिकीट कोणाला मिळाले हे मतदाराला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते. तेथे निदान आज तरी राज्याराज्यांतील सामान्य मतदार प्राथमिक निवडणुकीत मत देऊन त्यावर आपला कौल देतो. पण हा हक्क त्याला एका दिवसात मिळालेला नाही. जे स्वतः उमेदवारी मिळवू शकले नाहीत, अशा माणसांचा त्यात मोठा वाटा आहे.

या परंपरेचा आरंभ १८९६ च्या शिकागो अधिवेशनापासून धरता येईल. त्या काळी पश्चिमेकडील व दक्षिणेकडील शेतकरी कर्जाने गांजला होता. पिकाचे भाव कोसळत होते, आणि नाणे सोन्याशी जखडलेले असल्यामुळे कर्जाचा बोजा दिवसेंदिवस जड होत होता. चांदीचे नाणे मुक्तपणे पाडावे, ही त्याची मागणी. या असंतोषातून लोकपक्ष नावाचा एक स्वतंत्र पक्षही निघाला होता, आणि ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्द राजकारणात रूढ झाला तो त्याच्याच नावावरून. डेमोक्रॅटिक पक्षात मिसूरीचे रिचर्ड ब्लँड हे जुने चांदीवादी पुढारी. उमेदवारी त्यांचीच, असा बहुतेकांचा होरा होता. पण नेब्रास्काचा छत्तीस वर्षांचा एक वकील, विल्यम जेनिंग्स ब्रायन, बोलावयास उभा राहिला आणि सभागृह त्याच्या वाणीने भारले गेले. पाचव्या फेरीत उमेदवारी त्याची झाली. नोव्हेंबरात मात्र तो हरला. तथापि गंमत पाहा: श्रीमंतीच्या प्रमाणात प्राप्तिकर असावा व सेनेटचे सभासद थेट लोकांनी निवडावेत, या लोकपक्षाच्या मागण्या वेडगळ म्हणून हसण्यावारी नेल्या गेल्या होत्या. १९१३ साली प्राप्तिकर आकारण्याचा अधिकार व सेनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी घटनादुरुस्तीने देशाचा कायदा झाल्या. माणूस हरला, त्याच्याबरोबर आलेली मागणी मागे राहिली आणि जिंकली.

दुसरे शिकागो १९५२ सालचे. टेनेसी राज्याचे सेनेटर एस्टिस केफॉव्हर यांनी संघटित गुन्हेगारीची जाहीर चौकशी चालविली होती, आणि ती दूरचित्रवाणीवरून घराघरांत पाहिली गेली होती. त्या चौकशीत काही शहरांतील स्वपक्षीय पुढाऱ्यांचे हितसंबंधही उघडे पडले, म्हणून पक्षातील वजनदार मंडळी त्यांच्यावर रुष्ट होती. एका जुन्या पुढाऱ्याने पूर्वी त्यांची तुलना रॅकून नावाच्या लबाड प्राण्याशी केली होती. या गृहस्थाने त्याच प्राण्याच्या कातड्याची टोपी डोक्यावर चढविली आणि शिवीचे निशाण करून टाकले! राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी प्राथमिक निवडणुका म्हणजे निव्वळ देखावा, असे उद्गार काढले होते. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायर या चिमुकल्या राज्यात केफॉव्हर यांनी खुद्द ट्रूमन यांना हरविले, आणि महिना संपण्यापूर्वीच आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे ट्रूमन यांनी जाहीर केले. केफॉव्हर यांनी पंधरांपैकी बारा प्राथमिक निवडणुका जिंकल्या. पण शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या दोन फेऱ्यांत आघाडीवर राहूनही तिसऱ्या फेरीत ते मागे पडले. उमेदवारी गेली ती अॅडलाय स्टीव्हन्सन यांच्याकडे. स्टीव्हन्सन विद्वान, सुसंस्कृत, सर्वथा योग्य; परंतु त्यांनी प्राथमिक निवडणुकांची मोहीम लढविलीच नव्हती. ट्रूमन यांचे म्हणणे कटू असले तरी त्या घटकेला खरे ठरले: तो देखावाच होता.

तिसरे शिकागो १९६८ सालचे, आणि ते रक्ताने माखलेले आहे. व्हिएतनामचे युद्ध पेटले होते. सेनेटर युजीन मॅकार्थी युद्धविरोधी म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यासमोर उभे ठाकले. विद्यार्थ्यांनी वाढविलेले केस कापले, दाढ्या उतरविल्या, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बुजल्यासारखे होऊ नये म्हणून नीटनेटके होऊन ते दारोदार फिरले. न्यू हॅम्पशायरमध्ये जॉन्सन यांना सुमारे एकोणपन्नास टक्के मते पडली, मॅकार्थींना बेचाळीस. मॅकार्थी हरले, पण आकड्यांचा अर्थ सर्वांना कळला. ३१ मार्च रोजी जॉन्सन यांनी माघार घेतली. पुढे स्पर्धेत उतरलेले रॉबर्ट केनेडी जून महिन्यात मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. ऑगस्टात शिकागोत सभागृहाबाहेर पोलिसांच्या लाठ्या तरुणांच्या डोक्यांवर बसत होत्या, आणि आत उपराष्ट्राध्यक्ष हंफ्री यांची निवड होत होती. त्यांनीही एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती.

यावेळी मात्र लोकांचा धीर सुटला. पक्षाने एक समिती नेमली. सेनेटर मॅकगव्हर्न व पुढे काँग्रेस-सदस्य फ्रेझर तिचे अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींमुळे १९७२ पासून अधिवेशनाचे प्रतिनिधी मुख्यतः मतदारांच्या कौलाने ठरू लागले. पण त्याच वर्षी स्वतः मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले. जुनेजाणते पुढारी म्हणू लागले, ‘पाहा, घरात वडीलधारे नसले म्हणजे असे होते.’ तेव्हा १९८४ पासून एक नवी व्यवस्था आली. खासदार, राज्यपाल, पक्षाचे पदाधिकारी यांना पदसिद्ध प्रतिनिधित्व मिळाले. कोणत्याही मतदाराच्या कौलाने ते बांधलेले नव्हते. त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात; आपण त्यांना मानाचे प्रतिनिधी म्हणू.

येथवरचा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे २०१६ साली काय झाले, ते नीट उमगते. डेमोक्रॅटिक पक्षात त्या वर्षी हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी जवळजवळ ठरल्यासारखीच होती. माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, न्यूयॉर्कच्या सेनेटर, परराष्ट्रमंत्री, असा त्यांचा अनुभव. शिवाय एका स्त्रीने प्रथमच त्या आसनाच्या इतके निकट जावे, हीदेखील सामान्य गोष्ट नव्हे. त्यांच्यासमोर आले व्हरमाँट राज्याचे सेनेटर बर्नी सँडर्स. वय चौऱ्याहत्तर, केस विस्कटलेले, बोलणे ब्रुकलिनच्या धाटणीचे. ते स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवीत, आणि कायदेमंडळात डेमोक्रॅटिक पक्षाचे नव्हे, तर अपक्ष म्हणून निवडून येत. १९८१ साली बर्लिंग्टन गावाचे महापौरपद त्यांनी मिळविले होते ते अवघ्या दहा मतांनी. किमान वेतन, सर्वांना वैद्यकीय सेवा, विनाशुल्क महाविद्यालयीन शिक्षण, आणि धनवंतांच्या देणग्यांपासून निवडणूक मुक्त करणे, हे त्यांचे विषय वर्षानुवर्षे तेच होते. त्यांच्या मोहिमेला सरासरी सत्तावीस डॉलरची देणगी मिळे, आणि हा आकडा त्यांच्या सभांतून लोक एकसुरात ओरडून सांगत.

एकाही मतदाराने मत देण्यापूर्वी, २०१५ च्या नोव्हेंबरातच, एका वृत्तसंस्थेने मानाच्या प्रतिनिधींची विचारपूस केली. साडेतीनशेहून अधिक जण क्लिंटनबाईंच्या बाजूचे निघाले. सँडर्स यांच्या बाजूचे आठ. पुढे फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरने सँडर्स यांना साठ टक्के मते दिली. मतांच्या प्रमाणात त्यांना पंधरा प्रतिनिधी मिळाले, क्लिंटनबाईंना नऊ. पण त्या राज्यातील सहा मानाचे प्रतिनिधी क्लिंटनबाईंकडे आधीच झुकलेले असल्यामुळे वर्तमानपत्रांनी बेरीज छापली ती पंधरा-पंधरा अशी! बर्फ तुडवीत जाऊन मत देणाऱ्या एखाद्या गवंड्याला किंवा शिक्षिकेला ही बेरीज वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करा.

येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. सँडर्स यांची उमेदवारी मानाच्या प्रतिनिधींनी हिरावून घेतली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. सँडर्स यांना सुमारे एक कोटी बत्तीस लाख मते पडली. क्लिंटनबाईंना एक कोटी एकोणसत्तर लाखांच्या आसपास. दक्षिण कॅरोलिनात व दक्षिणेतील इतर राज्यांत कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना भरभरून कौल दिला, आणि तेही लोकच होते. लोकांच्या नावाने बोलणाऱ्या पुढाऱ्याला नेहमी हा धोका असतो: आपल्या सभेला जमलेले तेवढेच लोक, असे त्याला वाटू लागते. मानाचे प्रतिनिधी अजिबात नसते तरी क्लिंटनबाईच जिंकल्या असत्या.

मग अन्याय कोठे होता? तो निकालात नव्हता. तो निकाल आधीच ठरला आहे, असे दाखविण्यात होता. जुलैमध्ये अधिवेशनाच्या तोंडावर पक्षकचेरीतील खाजगी पत्रव्यवहार बाहेर फुटला. तेथील काही अधिकाऱ्यांचे मन सँडर्स यांच्याविषयी किती कलुषित होते, ते त्यातून दिसले, आणि पक्षाध्यक्षांना पद सोडावे लागले. जी स्पर्धा क्लिंटनबाईंनी सरळ जिंकली असती, तिच्यावर पक्षाच्याच हितचिंतकांनी संशयाचा डाग पाडला. फिलाडेल्फियाच्या त्या अधिवेशनात सँडर्स यांनी स्वतःच उठून क्लिंटनबाईंची निवड एकमताने जाहीर व्हावी, अशी सूचना मांडली. सभागृहात त्यांचे कित्येक अनुयायी त्या वेळी रडत होते. नोव्हेंबरात देशभर अधिक मते मिळवूनही क्लिंटनबाई हरल्या, कारण तेथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निर्वाचक-मतांनी.

आणि आता पुन्हा शिकागो. २०१८ च्या ऑगस्टात पक्षाची राष्ट्रीय समिती तेथे भरली, आणि तिने ठरविले की निकाल आधीच निःसंदिग्ध झालेला नसेल, तर मानाच्या प्रतिनिधींनी पहिल्या फेरीत मत देऊ नये. सँडर्स यांच्या अनुयायांनी धरलेल्या आग्रहाचे हे फळ होते. २०२० साली ते पुन्हा उभे राहिले आणि जो बायडेन यांच्यासमोर पुन्हा मागे पडले. दार रुंद झाले. ते रुंद करविणारा मात्र आत गेला नाही.

दार रुंद असणे हेच सर्वस्व, असे मी म्हणत नाही. २०१६ सालीच रिपब्लिकन पक्षातील बहुतेक मातबर मंडळींना डॉनल्ड ट्रम्प नको होते. तेथे त्यांना अडविण्याइतके बळ कोणत्याही मानाच्या प्रतिनिधींपाशी नव्हते, आणि ते मतदारांच्या बळावर आत आले. लोकांच्या नावाने येणारा प्रत्येक जण लोकांचे हितच घेऊन येतो असे नाही. धर्मातील भक्ती मोक्षाला नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीला आणि अखेर हुकूमशाहीला नेते, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता. तो कोणत्याही देशातील, कोणत्याही बाजूच्या गर्दीला लागू आहे.

परंतु वडीलधाऱ्यांच्या शहाणपणालाही मर्यादा असतात. २०२४ साली बायडेन यांनी जुलैमध्ये माघार घेतली, आणि पक्षाने कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. अधिवेशन भरले ते शिकागोतच. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी म्हणून त्या एकाही प्राथमिक निवडणुकीत उभ्या राहिल्या नव्हत्या. वेळ थोडा होता, निरुपाय होता, हे मान्य. तरीही हंफ्री यांची आठवण अनेकांना झाली. नोव्हेंबरात त्याही हरल्या.

श्रोतेहो, मतपत्रिकेवर शिक्का मारण्याचा किंवा यंत्राची कळ दाबण्याचा हक्क फार मोठा आहे, यात शंका नाही. परंतु तेथे आपण निवडतो ते दुसऱ्या कोणी तरी आधी निवडलेल्या नावांतूनच. ती नावे तेथवर कशी आली, कोणी आणली, कोणाला वाटेतच थांबविले, हे विचारण्याचा हक्क त्याहून लहान नाही. केफॉव्हर, मॅकार्थी, सँडर्स यांपैकी कोणालाही पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. पण गृहीत धरलेल्या नावासमोर त्यांनी दुसरे नाव मांडले, म्हणून मतदाराला गृहीत धरणे पक्षाला अवघड झाले. पराभूतांचे हे देणे निकालाच्या आकड्यांत दिसत नाही. ते दिसते पुढच्या निवडणुकीच्या नियमांत.