पाळी जाण्याच्या काळातील कोरडेपणा: एक न मांडलेली कैफियत



ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ साली देह ठेवीपर्यंत, अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, त्याच महाराष्ट्रात आजही चाळिशी ओलांडलेली स्त्री योनीच्या कोरडेपणाची तक्रार ‘लघवीला आग होते’ किंवा ‘अंगात उष्णता झाली’ एवढ्याच आडवाटेने डॉक्टरांपुढे मांडते, आणि पुष्कळदा तेवढीही न मांडता घरी परतते, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते. आणि ज्या दुःखावर इलाज आहे ते केवळ संकोचापायी सोसावे लागू नये, एवढ्याच हेतूने मी हा विषय आपल्यापुढे मांडीत आहे.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास कायमची थांबते. परंतु बीजकोशांचा कारभार त्याआधी काही वर्षे अनियमित होतो आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण चढउतार करीत अखेर उतरणीस लागते. शस्त्रक्रियेत गर्भपिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले गेले, तर हीच उतरण एकाएकी येते. या संप्रेरकाच्या आधारानेच योनीचे अस्तर जाड, लवचिक आणि ओलसर राहते. त्या अस्तरातील ग्लायकोजेन या शर्करेच्या साठ्याच्या बळावर लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू दुग्धाम्ल निर्माण करतात, आणि त्या आम्लतेपुढे पुष्कळशा रोगजंतूंचा निभाव लागत नाही. तो आधार सुटला म्हणजे अस्तर पातळ होते, रक्तपुरवठा घटतो, आम्लता उणावते, आणि खाज, जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना व मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग ही लक्षणे एकामागून एक हजर होतात. अंग तापण्याचे झटके बहुधा काही वर्षांत ओसरतात. कोरडेपणा मात्र उपचाराविना सहसा वाढतच जातो, आणि म्हणून ‘वयाचे आहे, जाईल आपोआप’ हा घरोघरचा निवाडा येथे साफ चुकीचा ठरतो.

इलाजाचा आरंभ काही सवयी सोडण्यापासून होतो. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रावणे आणि आतून धुण्याचा अट्टाहास यांनी कोरडेपणा वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. त्यानंतर येते ते योनीसाठी मिळणारे मॉइश्चरायझर, जे संबंध असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमाने लावावयाचे असते. आणि संबंधाच्या वेळी वापरावयाची जेली, जी पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारलेली असावी. निरोध वापरीत असल्यास खोबरेल तेल वर्ज्य, कारण तेलाने रबर कमजोर होते. आणि निरोधाचा विषय निघालाच आहे, तर पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे समजणेही धोक्याचे आहे.

एवढ्याने भागत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावावयाचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन, मलम किंवा गोळी या रूपाने, बहुधा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा देतात. ते रक्तात फारच थोडे उतरते. त्याचा पूर्ण गुण येण्यास मात्र दोन-तीन महिने लागू शकतात, तोवर धीर सोडू नये. पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांना मूत्रमार्गाचा संसर्ग पुनःपुन्हा होई, त्यांच्यातील अशा संसर्गाचे प्रमाण या उपचाराने पुष्कळच घटते, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्पष्ट दिसून आले. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून हे औषध घेऊ नये. आणि पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर रक्त दिसले, तर ते कोरडेपणामुळेच असेल अशी समजूत करून न घेता विनाविलंब तपासणी करून घ्यावी. लेसरने योनीला ‘नवतारुण्य’ देण्याच्या जाहिरातींविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ सालीच इशारा दिलेला आहे, हेही ध्यानी ठेवावे.

आता दोन शब्द बंधूंकरिता. वेदनेच्या भयाने स्नायू आवळले जातात, आवळलेल्या स्नायूंनी वेदना दुणावते, आणि मग पत्नी जवळीक टाळू लागली, की पती त्याचा अर्थ प्रेम आटले असा लावून बसतो. वास्तविक शरीरातील एका संप्रेरकाची ही उणीव आहे; तिचा दोष पत्नीच्या मनाला लावणे हा तिच्यावरील अन्याय होय, आणि वेदना होत असता आग्रह धरणे हा त्याहून मोठा अन्याय होय.

म्हणून भगिनींनो, डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘मला योनीत कोरडेपणा जाणवतो आणि संबंधाच्या वेळी दुखते’ हे वाक्य जसेच्या तसे बोला. आणि ऐकणाऱ्याने ते हसण्यावारी नेले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे दार ठोठावा. तो तुमचा हक्क आहे.