वीज गेल्यावर आधी काय?
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



पावसाळ्यात इथे म्हसा गावात वीज गेली की आपण विचारतो, "येणार कधी?" भर समुद्रातल्या युद्धनौकेवर हे विचारायचं कोणाला? वायरमन तुम्हीच!

म्हणून तिथे जनरेटर एकापेक्षा जास्त, तेही वेगवेगळ्या जागी. बिघाड झाला की आधी तेवढा भाग तोडतात, मग उरलेल्याला वीज देतात. तीही क्रमाने. पाणी उपसायचे आणि आगीचे पंप, सुकाणू आधी. एसी, गरम पाणी शेवटी. आपल्या नौदलात विजेचं शिक्षण जामनगरला 'आयएनएस वलसुरा'वर मिळतं, तर आग-पाण्याशी झुंजायचं आपल्या लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'वर.

ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरात अमेरिकेच्या 'कोल' युद्धनौकेवर हल्ला झाला. १७ नौसैनिक गेले. पुढे वीज बंद पडून पंप थांबले, तेव्हा उरलेल्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं. जहाज तरलं.

आपणही क्रम आजच ठरवू या. कुणाचं ऑक्सिजनचं मशीन, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप. टीव्ही नंतर.

आणि हात जोडून सांगतो, चेंजओव्हर स्विच फिरवल्याशिवाय जनरेटर चालू करू नका. आपली वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि खांबावर चढलेला वायरमन जीव गमावतो. तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

२५ वर्षं आपण हिशेब चोख ठेवला. आता ही यादीही मीटरपाशी लावू या.